दुसऱ्याच्या नावाचं पाणी

संस्थेच्या सभेत ठराव मताला आला की राजरत्न रोकडे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा. मत सभासदाचं, आणि सभासद होते भरत हौशीराम वायाळ. ते त्या घटकेला अमेरिकेत गाढ झोपलेले असायचे. राजरत्नकडे त्यांचं मुखत्यारपत्र होतं. त्या कागदाच्या जोरावर त्याला पाण्याची मागणी करता येत होती, पाळी लावून घेता येत होती, कचेरीत सह्या करता येत होत्या, वेळ पडली तर वकीलही देता आला असता. फक्त मत देता येत नव्हतं. सहकारात ज्याचं मत त्यानंच द्यायचं, असा कायदा.

पिंपळवंडीच्या शिवारात वायाळांची चौदा एकर जमीन होती. कुकडी नदीवरून पाणी उचलणारी सहकारी उपसा सिंचन संस्था ज्या आठ-दहा जणांनी उभी केली त्यांत भरतभाऊंचे वडील हौशीरामतात्या होते. तात्या गेले ते शहाण्णव साली. भरतभाऊ तेराव्याला आले, आणि जाण्याआधी त्यांनी शेत सांभाळायला माणूस शोधला. राजरत्न तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अवसरी बुद्रुकचा, शेतीची पदविका झालेला, नारायणगावच्या एका बागेत तीन वर्षं देखरेखीचं काम केलेला. बांधावर उभ्या उभ्याच बोलणं झालं.

"तुम्ही जमिनीकडे बघायचं," भरतभाऊ म्हणाले होते, "मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा. एवढाच करार."

जाताना त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओंजळभर माती बांधून नेली. राजरत्नला त्या वेळी ते थोडं नाटकी वाटलं होतं. पुढं तसं वाटेनासं झालं.

तो आणि त्याची बायको कल्याणी शेतातल्या दोन खोल्यांत राहायला आले. भिंतीवर त्यांनी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावला, दाराशी शेवग्याचं झाड लावलं. तीन वर्षांत राजरत्ननं चौदा एकरांत द्राक्ष उभी केली. लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, सगळं त्याच्या देखरेखीखाली झालं आणि पुष्कळसं त्याच्या हातानं झालं. कुठल्या ओळीला वारा जास्त लागतो, कुठल्या कोपऱ्यात चुनखडी वर आलीय, हे त्याला कागद न बघता सांगता यायचं.

ओढ्याकाठी वीस गुंठ्यांचा एक दगडगोट्यांचा तुकडा होता. बागेच्या आखणीत तो बसला नाही. दोन उन्हाळे सकाळच्या थंडाव्यात त्यानं आणि कल्याणीनं त्यातले दगड वेचून बांधाला लावले. कल्याणी तिथं मेथी आणि झेंडू करायची. त्या तुकड्यावर उभं राहिलं की राजरत्नच्या मनात एक गोष्ट यायची, जी त्यानं बायकोलाही कधी पुरी सांगितली नाही. या वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव असतं तर आपण संस्थेचे सभासद झालो असतो. मोठं काही नको होतं. सभेत आपल्या नावानं बसायचं होतं.

त्याचे वडील सावळेराम जन्मभर अवसरीत लोकांच्या रानात राबले होते. रानातल्या प्रत्येक गोष्टीला ते 'आपलं' म्हणायचे. आपली विहीर, आपला ऊस, आपली बैलं. आई पारूबाई मग हसून विचारायची, "आपलं म्हंजी कुणाचं वो?" वडील गप्प व्हायचे. ते गप्प होणं राजरत्नच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं.

संस्थेत त्याला सगळे 'म्यानेजर' म्हणत. पहिल्या सभेत अध्यक्ष बाजीरावअण्णांनी विचारलं होतं, "रोकडे म्हंजी कुठलं तुमी?" त्यानं सांगितल्यावर अण्णांनी नुसतं "बरं बरं" म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. पण सात वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेलं. नदीतल्या विहिरीत मोटर अडकली तेव्हा राजरत्न दोर बांधून खाली उतरला. पाळीपत्रक असं नीट लावून दिलं की पाईपलाईनच्या शेवटच्या गेटवरच्या गेणूबाबांनाही पुरेसं पाणी मिळू लागलं. संस्थेचे अर्ज त्याच्याच अक्षरात जायचे. कुणाच्या बागेवर रोग पडला की माणूस आधी त्याच्या दारात यायचा.

"म्यानेजर," अण्णा मात्र सभेत म्हणायचे, "तुमी मालकाच्या वतीनं बसा. आमी गावाच्या वतीनं बोलतो."

त्यात अपमान नव्हता. अण्णा व्यवहाराचं बोलत होते. राजरत्नला ते पटायचंही. पण घरी येताना त्याची पावलं जड व्हायची.

दर रविवारी सकाळी सातला भरतभाऊंचा फोन यायचा. पहिल्यांदा ते मालाचं कधीच विचारायचे नाहीत. ओढा वाहतोय का, शिवेवरच्या आंब्याला मोहोर किती आलाय, बाजीरावअण्णांचे गुडघे कसे आहेत, गेणूबाबा अजून सायकलवर बसतात का. मग म्हणायचे, "जरा फोन बाहेर न्या ना."

बिनवायरचा फोन त्यांनीच तिकडून पाठवला होता. पाळी चालू असली की राजरत्न तो हौदाच्या कडेला धरायचा. पाईपातून पाणी धबाधबा पडत असायचं आणि पलीकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एक माणूस काही न बोलता ऐकत असायचा. कधी पाच मिनिटं, कधी दहा. त्या वेळी राजरत्नला त्यांच्याबद्दल माया वाटायची आणि हेवाही वाटायचा. दोन्ही एकदम.

दोन हजार तीनचा उन्हाळा आला तो आधीच्या वर्षाची तूट घेऊनच. मार्चअखेरीला नदीचं पात्र उघडं पडलं, डोह तेवढे उरले. अण्णांनी घाईघाईनं सभा बोलावली. पंपघराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे माणसं दाटीवाटीनं बसली.

"डोहात हाय ते पाणी पिण्याला आन् झाडं जगवायला," अण्णा उभं राहून म्हणाले. "शेअरवर पाणी द्याया बसलो तर निम्मं गाव कोरडं मरंल. माझं म्हणणं आसं, पावसापोत्तर दर सभासदाला दोन एकराचं पाणी. दोन एकरवाल्याला दोन, चौदावाल्यालाबी दोन. पटतंय का?"

शेडमधल्या सगळ्यांनी होकार दिला. राजरत्नलाही पटलं होतं. पण तो ज्याच्यासाठी बसला होता त्याचं काम त्याला करायचं होतं. तो उठला.

"माझ्या मालकांची हरकत नोंदवून घ्या, अण्णा."

"घेतो की," अण्णा म्हणाले. "तुमचं कामच हाय ते."

रविवारी राजरत्ननं फोनवर ठराव सांगितला. भरतभाऊ म्हणाले, "त्या पाईपलाईनसाठी तात्यांनी उभा ऊस मोडून चर खणू दिला होता. मी सहा वर्षांचा होतो, मला आठवतंय. आणि आता त्याच पाईपातून आम्हाला पाणी नाही?"

"पाणी कुणालाच नाही, भाऊ. दोन एकर जगेल. बाकीची बाग खोडावर छाटून आपण..."

"एक झाड मरता कामा नये. तुम्ही सहकार निबंधकांच्या कचेरीत अर्ज द्या."

"गाव नाराज होईल."

"गाव मला ओळखतं, राजरत्न. अर्ज द्या."

त्यानं जुन्नरला जाऊन अर्ज दिला. अर्ज चांगला लिहिला होता. वाईट लिहिता आला असता, पण तसं करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सभेची नोटीस मुदतीत काढलेली नव्हती, ही चूक त्याला पहिल्यापासून माहीत होती. कचेरीनं नियमाप्रमाणं ठराव स्थगित केला. नवी सभा रीतसर होईपर्यंत पाणी शेअरप्रमाणं द्यावं, असा हुकूम आला. म्हणजे पुढची एक पाळी तरी वायाळांना पुरी मिळणार होती, तीन दिवसांची.

अण्णांनी हुकूम संस्थेच्या पायरीवर बसून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "अक्षर झ्याक हाय तुमचं," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात राजरत्नच्या दारात कुणी आलं नाही. कल्याणी गिरणीत दळण घेऊन गेली तेव्हा गेणूबाबांची बायको कुशाबाई तिथं होती. एरवी दोघी दळण होईस्तोवर बोलत बसायच्या. त्या दिवशी कुशाबाईनं आपला डबा उचलून पलीकडच्या कडेला ठेवला आणि दाराबाहेर बघत उभी राहिली.

"भांडली असती तर बरं वाटलं असतं," कल्याणी घरी येऊन म्हणाली.

गेणूबाबांची तीन एकर जमीन ओढ्यापलीकडे, पाईपलाईनच्या अगदी शेवटाला. त्यातल्या एका एकरात त्यांनी राजरत्नच्या सांगण्यावरून द्राक्ष लावली होती. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी एवढी एक हौस केली होती.

पाळीच्या दिवशी दिवस उगवताना संस्थेचा पाटकरी जानकू आला. त्यानं गेट फिरवलं, वायाळांच्या हौदात पाणी पडू लागलं. जानकू पाठ फिरवून बांधावर जाऊन बसला. दुपारपर्यंत दोन एकर चिंब भिजले. राजरत्न ओळींतून फिरत ओढ्याच्या काठाला आला आणि थांबला.

पलीकडे कुशाबाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती. घागर तिनं द्राक्षाच्या एका खोडापाशी टेकवली, तांब्यानं पाणी घातलं, पुढच्या खोडापाशी गेली. तिच्यामागून गेणूबाबा कळशी घेऊन. एक एकरात हजारभर झाडं. राजरत्ननंच मोजून लावून दिली होती. दोघांनी त्याला पाहिलं असणार, पण एकानंही मान वर केली नाही. त्याच्या मागं हौदात पाणी धबाधबा पडत होतं, तो आवाज ओढ्यापलीकडे स्पष्ट जात असणार.

तो किती वेळ तिथं उभा राहिला ते त्याला नंतर आठवेना. परत आला तेव्हा त्यानं हौदाचा व्हॉल्व्ह बंद केला.

"जानकू, गेट फिरव. पाणी पुढं सोड. आपलं झालं."

जानकू उठून उभा राहिला. "तीन दीस हाय पाळी तुमची."

"दोन एकर झाले. बास."

"कुणाच्या सांगण्यावरनं? मला वहीत लिवावं लागतं, भाऊ."

राजरत्ननं तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की 'माझ्या' म्हणून चालणार नाही. त्याच्या नावावर या पाईपात एक थेंब नव्हता. जे त्याचं नाही ते तो सोडणार कसं?

"मालकांच्या," तो म्हणाला. "लिही, मालकांनी सोडलं."

जानकूनं वहीत तसं लिहिलं आणि गेट फिरवलं.

रविवारी सातला फोन वाजला.

"आलं का पाणी?"

"आलं, भाऊ."

"पुरं?"

दारात कल्याणी ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"हो," राजरत्न म्हणाला.

"ऐकवा ना."

पाळी कधीच संपली होती. हौदात साठवलेलं थोडं पाणी होतं. त्यानं मोटरनं ते फिरवून परत हौदात पाडलं आणि फोन कडेला धरला. थोड्या वेळानं पलीकडे भरतभाऊ रडतायत असं त्याला कळलं.

"तात्यांची आठवण झाली," ते म्हणाले. "तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं, राजरत्न."

फोन ठेवल्यावर कल्याणी म्हणाली, "खरं सांगायचं होतं."

"आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर नाही म्हणाले असते." तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. "त्यांचं ते बोलले असते."

कमी पाण्यावर जगावी म्हणून बारा एकर बाग त्यानं खोडावर आणि मोठ्या फांद्यांवर आणली. भरतभाऊंना फोनवर यातलं काही सांगितलं नाही. सगळी कात्री आपल्या डोळ्यांसमोर चालवून घेतली. छाटलेल्या हिरव्या काड्यांचे ढीग बांधाला लागत होते तेव्हा त्याला जेवण जाईना. मग एका सकाळी गेणूबाबांची बैलगाडी ओढा ओलांडून आली, उसाचं पाचट शीगभर भरलेली.

"बुडाला आंथर," गेणूबाबा म्हणाले. "वल धरंल."

त्यांच्यामागून आणखी गाड्या आल्या, एक ट्रॅक्टरही आला. गावानं चार दिवसांत बारा एकर पाचटानं झाकले. कुशाबाई कल्याणीच्या ओट्यावर येऊन बसली आणि गिरणीतल्या त्या दिवसाबद्दल दोघीही काही बोलल्या नाहीत. नवी सभा रीतसर झाली, दोन एकरांचा ठराव पुन्हा झाला. या वेळी राजरत्ननं वायाळांची हरकत नोंदवली नाही.

जुलै सरता सरता कसाबसा पाऊस आला. खोडांना डोळे फुटले. शे-दोनशे झाडं गेली, बाकीची जगली. फक्त त्या वर्षी त्यांच्यावर घड येणार नव्हते.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. सगळे विषय संपल्यावर बाजीरावअण्णांनी एक कागद काढला आणि सचिवाला वाचायला लावला. "सभासद श्री. भरत हौशीराम वायाळ यांनी दुष्काळात कायद्यानं मिळालेलं हक्काचं पाणी गावासाठी सोडून वडिलांचं नाव राखलं, याबद्दल ही सभा त्यांचे मनापासून आभार मानते."

टाळ्यांनी पत्रे वाजले. गेणूबाबांनी राजरत्नच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. मागून कुणीतरी ओरडलं, "म्यानेजरचंबी नाव घाला की!"

"ठरावात सभासदाचं नाव येतं," अण्णा हसून म्हणाले. "म्यानेजर काय, आपलाच हाय."

त्या संध्याकाळी राजरत्न बागेतून एकटाच घराकडे आला. निम्म्या वाटेवर, दोन्ही बाजूंना कुणी नाही असं बघून, त्यानं तो ठराव हलक्या आवाजात म्हणून पाहिला. 'सभासद श्री. राजरत्न सावळेराम रोकडे यांनी...' एवढंच म्हणाला. पुढं म्हणवेना. आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्याला लाज वाटली आणि तरीही ते शब्द घरापर्यंत त्याच्याबरोबर आले.

डिसेंबरात भरतभाऊ आले. बायको शीला आणि मुलगी संस्कृती पुण्यातच थांबल्या. ते एकटेच टॅक्सीनं थेट शेतावर उतरले. राजरत्न सामोरा गेला तोवर ते बागेत शिरलेही होते. दोन एकरांत मण्यांनी भरलेले घड, आणि पुढं बारा एकर नुसती पानं. ते या मातीत वाढलेले होते. त्यांना सांगावं लागलं नाही.

"पुरं पाणी आलं होतं म्हणालात."

"आलं होतं. दोन एकर घेतलं. बाकीचं मी पुढं सोडलं. तुमच्या नावानं."

भरतभाऊ काही बोलणार तेवढ्यात बांधावरून बाजीरावअण्णा आले, बरोबर पंधरा-वीस माणसं. गावात बातमी टॅक्सीच्या आधी पोचली होती. अण्णांनी त्यांना मिठीच मारली आणि ओढतच संस्थेकडे नेलं. राजरत्न गेला नाही.

दिवस मावळताना भरतभाऊ परतले. खांद्यावर सत्काराची शाल होती. ती त्यांनी काढून राजरत्नच्या दारातल्या बाजेवर ठेवली आणि शेजारी बसले. कल्याणीनं चहा आणून दिला. तो तसाच निवत राहिला.

"मला विचारलं का नाहीस?" ते म्हणाले. सात वर्षांत ते पहिल्यांदा त्याला एकेरी बोलले.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो. पहिल्या रविवारी नाही म्हणालो असतो. मग तू गेणूबाबांचं नाव घ्यायचं होतंस. ओढ्याला पूर आला की मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचे ते. कुशाबाई घागरीनं बाग शिंपतेय म्हणून सांगायचं होतंस." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "आज त्या म्हातारीनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, भरत, तू आमाला इसरला न्हाईस. मी काय सांगणार तिला? मी तर गावाविरुद्ध अर्ज द्यायला लावला होता! बारा वर्षं तिकडं बसून मी या गावाचा राहायचा प्रयत्न करतोय. फोनवर पाणी ऐकतोय. गावाला काही द्यायची वेळ एकदाच आली होती, आणि ते तू देऊन टाकलंस."

राजरत्नकडे उत्तर तयार होतं. "माझ्या नावावर द्यायला काहीच नव्हतं, भाऊ. तुमचंच द्यावं लागलं."

ओढ्याच्या बाजूनं टिटवी ओरडत गेली. राजरत्नला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ओढ्याकाठचे वीस गुंठे मला विकत द्या," तो म्हणाला. "बाजारात जो दर असेल त्यानं. मी कुठं जाणार नाही, बाग सांभाळीन. फक्त तेवढा तुकडा माझ्या नावावर करा."

भरतभाऊंनी वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं.

"दुसरं काहीही माग," ते म्हणाले. "पगार वाढवतो, घर बांधून देतो. जमीन नको मागू, राजरत्न. तिकडं बर्फ पडायला लागला की मी डोळे मिटतो आणि बांधाबांधानं चालत जातो. शिवेवरच्या आंब्यापासून निघतो, ओढ्याच्या कडेनं, सगळी चौदा एकर फिरून परत येतो. त्यातला एक बांध दुसऱ्याचा झाला तर मला वाट सापडायची नाही."

राजरत्ननं मान हलवली. त्याला दुखलं, पण राग आला नाही. त्यांच्या जागी तो असता तर हेच म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी भरतभाऊ स्वतः संस्थेत गेले आणि पाणी आपण नव्हे, राजरत्ननं सोडलं, ठरावातलं नाव बदला, असं त्यांनी सरळ सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. "ठरावाच्या वहीत खाडाखोड चालत न्हाई, भरत," ते म्हणाले. बाहेर पडल्यावर लोक एकमेकांत बोलले, केवढा मोठा मनाचा, नोकराला मान देतो. भरतभाऊंचं नाव गावात आणखीच मोठं झालं. राजरत्नच्या कानावर हे आलं तेव्हा तो आणि कल्याणी खूप हसले. हसता हसता कल्याणीनं पदरानं डोळे पुसले.

तो लगेच गेला नाही. बारा एकरांवर पुन्हा माल आलेला बघायचा होता. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत बाग भरून आली, मणी असे की उन्हात आतलं बी दिसावं. शेवटचा ट्रक गेल्यावर त्यानं रविवारच्या फोनवर सांगितलं, आता मला मोकळं करा. भरतभाऊंनी कारण विचारलं नाही. "नव्या माणसाला फोन कुठं धरायचा ते दाखवून जा," असं म्हणाले.

निघायच्या दिवशी गेणूबाबा, कुशाबाई, जानकू, सगळे आले. अण्णा गुडघे धरत धरत आले आणि टेम्पोत सामान चढेपर्यंत उभे राहिले. "सभेला येत जावा," ते म्हणाले. मग स्वतःच्याच ध्यानात आल्यासारखं पुढं म्हणाले, "निमंत्रित म्हनून येता येतं. मी बघतो." राजरत्ननं हात जोडले.

अवसरी बुद्रुकच्या माळाला त्यानं आणि कल्याणीनं एक एकर घेतली. मुरमाड, वरच्या अंगाची, पाण्याची सोय नसलेली. पारूबाई पहिल्या दिवशी त्या माळावर उन्हात नुसती बसून राहिली. उठ म्हटलं तर उठेना. शेजारच्या तीस-चाळीस जणांना गोळा करून राजरत्ननं नदीवरून पाणी आणायची संस्था नोंदवली. नोंदणीचे कागद त्यानंच लिहिले. त्यात त्याचं नाव नवव्या नंबरावर होतं. माळावर पाणी चढलं तेव्हा कल्याणी अनवाणी त्या पाण्यातून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. त्याला आनंद झाला. खरा, पोटातून झाला. फक्त त्या आनंदातही तो मधेच कान देऊन थांबला. इथल्या पाण्याचा आवाज वेगळा होता, हलका, नव्या पाईपाचा.

दोन हजार आठ साली बैल बघायला तो बेल्ह्याच्या बाजाराला निघाला होता. वाटेत पिंपळवंडी लागते. थांबायचं नाही असं ठरवूनही त्यानं मोटरसायकल आत वळवली आणि बांधाच्या अलीकडे उभी केली. छाटणीनंतरची बाग होती, सगळीकडे पोपटी फूट. तारा ताणलेल्या, ओळी स्वच्छ. नव्या माणसानं चांगली राखली होती. राजरत्नला थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईट.

ओळींतून एक तरुण बाहेर आला. शर्टाच्या खिशात पेन, पायाला माती.

"पावणं, कोण पाहिजे?"

"कुणी नाही. बाग बघत होतो."

"मालक अमेरिकेत असतात," तो म्हणाला. "मी मॅनेजर. काय काम असलं तर मला सांगा."

राजरत्नला त्याला किती तरी सांगायचं होतं. चुनखडीच्या कोपऱ्याबद्दल, वारा लागणाऱ्या ओळींबद्दल, संस्थेच्या सभेत कुठं बसलं की सगळ्यांचे चेहरे दिसतात त्याबद्दल. तो एवढंच म्हणाला, "ओढ्याकडच्या चार ओळींना पाणी कमी देत जा. खाली खडक आहे. मुळ्या कुजतात."

"तुमाला कसं म्हाईत?"

"दिसतं ना फुटीवरनं," राजरत्न म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

बेल्ह्याला पोचला तेव्हा बाजार निम्मा उठला होता. त्यानं एक खोंड पाहिला, दात बघितले, चालवून पाहिला. खोंड चांगला होता. विकणारा त्याला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होता, पण राजरत्नचं चित्त ठिकाणावर नव्हतं. शेवटी तो पुढच्या सोमवारी येतो म्हणाला आणि परत फिरला. येताना मात्र त्यानं हायवे सोडला आणि आतल्या, लांबच्या, पिंपळवंडी न लागणाऱ्या रस्त्यानं अवसरी गाठली.